रिकामी दोरी

यांगून

प्रिय ठुरा,

तुला कुठे ठेवलंय तेच कळत नाही, म्हणून हे पत्र धाडता येत नाही.

लष्कराने देश बळकावल्यावर आम्ही बायकांनी गल्लीच्या तोंडाशी आडव्या दोरीवर आपल्या नेसायच्या लुंग्या टांगल्या. बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं म्हणतात, म्हणून शिपाई कचरायचे. तुझी आई सारखी रडायची, म्हणून मी थाप मारली, "आपल्याला सोडवायला परदेशी फौज निघालीय."

तू म्हणालास, "आली तर परत जायची नाही." मी हसले.

पहाटे आईंनी दोरी रिकामी केली. "पाहुण्यांना लुंग्यांखालून आणायचं का गं?"

त्याच वाटेने शिपाई आले आणि तुला घेऊन गेले.

काल आईंनी विचारलं, "ते परदेशी कधी येणार?"

मी म्हणाले, "येतील."

तुझी बायको,
नीलार