कोरी नाव विकणे आहे

९ जानेवारी १९६१, सोमवार
सागाच्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर उंदीर पोसत पडल्या होत्या, तेव्हा गिरधरला त्यांची आठवण नव्हती. मी त्या नावेसाठी उतरवल्या, तर एकदम त्याच्या नव्या बैलगाडीच्या झाल्या. पोटचा पोरगा म्हणून सोडला, नाहीतर काय ते दाखवलं असतं. असो. रोजनिशीबाई, राम राम. तुला खरं तेच सांगणार.

झालं असं. काल तळोद्याचे शांतीलाल शेठ, कापडवाले, बायकापोरांसकट जीपनं तापीवर आले. दिवाल्या नावाड्याच्या नावेत बसले. मधल्या धारेपर्यंत गेले, गोल फिरले, परत याच काठाला उतरले. पलीकडे ना बाजार, ना पाहुणे. कुठंही न जाण्याचे पैसे मोजले आणि वर हसत होते! शेठाणी जसोदाबाई एवढंच म्हणाल्या की नावेला बकऱ्यांचा वास येतो.

माझं डोकं तिथंच चाललं. जिच्यात बकरी बसलेली नाही अशी नाव बांधायची. फक्त मौजेची. गादी, झालर, रंग. शेठला तिथंच सांगून टाकलं. ते म्हणाले, अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला दाखवा, आवडली तर घेऊ. म्हणजे घेतलीच.

१० जानेवारी
सून निर्मला चुलीपुढून म्हणे, आत्याबाई, आशी नाव लेई कोन? मी ओट्यावर जाऊन चार माणसांत सांगितलं: अखाजीपर्यंत नाव विकली गेली नाही, तर कोठाराच्या किल्ल्या माझ्या कमरेवरून निर्मलाच्या कमरेला. गिरधर म्हणे, माय, शब्द मागे घे. का घेऊ? हरणारी माणसं शब्द मागे घेतात.
निर्मलानं किल्ल्यांकडे पाहिलं फक्त. पाहू दे. पाहायला काही लागत नाही.

१९ जानेवारी
नवल सुतार कामाला लागला. जन्मभर बैलगाड्याच केल्या त्यानं. म्हणे, माय, मी नाव कधी करी नही. मी म्हटलं, गाडीच कर, चाकं लावू नको. समजलं त्याला. सांगायची हातोटी लागते.

२ फेब्रुवारी
सकाळी नियम केला: नवलवर ओरडायचं नाही.
दुपारी ओरडले. त्यानं नावेची दोन्ही टोकं सारखी केली. मी विचारलं, पुढं कुठलं? तो म्हणे, ज्या बाजूला जाई ते. मग पटलं, पण तोवर ओरडून झालं होतं.
फळ्यांच्या सांध्यांत घरचा कापूस ठोकला, वर राळ. गिरधर म्हणे, हा कापूस जिनवाल्यानं घेतला असता. त्याला धंद्यातलं काय कळतं.

होळी झाल्यावर, तारीख पाहिली नाही
रंग झाला. पोपटी ऑइलपेंट, लाल काठ. नाकाशी माझं नाव रंगवून घेतलं: जमना. निंबाखाली उभी केली आहे. शेजारच्या भिकुबाई येऊन हात लावून गेल्या. त्यांचा हात पुसून काढला.

७ मार्च
दिवाल्या नाव बघायला आला. चारी बाजूंनी फिरला, वाकला, फटीत नख घातलं आणि म्हणे, जमनामाय, नावले पानी पाज, नही ते ती तुले पाजी. म्हणजे काय, तर विकायच्या आधी आठ-दहा दिवस नदीत बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात. बुडवायची! नवी नाव!
जळतो मेला. आता त्याच्या बकरीवाल्या नावेत कोण बसेल?
शेठ कापडवाले आहेत. पाण्यातून काढलेलं लुगडं त्यांच्या दुकानात कोणी नवं म्हणून घेईल का? एकदा भिजलं की वापरलेलं. कोरा माल तो कोरा. अखाजीपर्यंत नावेला पाण्याचा थेंब लागू देणार नाही. निर्मलाला ताकीद दिली, भरली घागर घेऊन निंबाखालून जायचं नाही. ती आता लांबून फिरून जाते आणि मोठ्यानं पावलं आपटते.

२० मार्च
शेठ एक नाव घेतील. बाकीच्यांचं काय? जाहिरात पाहिजे. पुतण्या छगन ट्रक चालवतो. त्याच्या रिकाम्या ट्रकमधून नाव विसरवाडीला नेली, नाक्यावर चहावाल्याशेजारी मांडली. बसगाड्या, ट्रक, सगळी दुनिया तिथून जाते. नदी नाही, पण गिऱ्हाईक आहे.

२३ मार्च
तिघांनी भाव विचारला. दोघांना म्हशीसाठी गव्हाण पाहिजे होती. तिसरा ड्रायव्हर आतल्या गादीवर झोपला होता, त्याला उठवलं तेव्हा त्यानं विचारलं. माल बहुउपयोगी आहे, हे सिद्ध झालं. ऊन फार होतं. परत आणली.

१ एप्रिल
फटीत बोट जातं. निर्मलानं घालून दाखवलं. मी म्हटलं, मौजेच्या नावेत हवा खेळायला पाहिजे.
ती म्हणे, आत्याबाई, माठबी वापराना पहिले भिजाडतस.
माठ आणि नाव! माठात पाणी आत ठेवायचं असतं, नावेत बाहेर. एवढा फरक समजत नाही आणि हिला किल्ल्या पाहिजेत. नवलला बोलावून आणखी कापूस ठोकून घेतला. वरून रंग. बोट जात नाही आता. करंगळी जाते.

अखाजी, सकाळी
पोरींचे झोके बांधून झाले. गौराईची गाणी चालली आहेत. सांजोऱ्या तळल्या. नवं लुगडं नेसले. किल्ल्या चिंचेनं घासून लख्ख केल्या. शेठकडून आणखी चार नावांची ऑर्डर येईल. नवलला आधीच सांगून ठेवलं, पुढल्या नावांची टोकं वेगवेगळी कर.

अखाजी, दुपारी
बुडाली.

अखाजी, दिवेलागणीला
तिथं पाणी कमरेएवढंच होतं, हे शेठ कोणाला सांगत नाहीत. नारळ फोडला, कुंकू लावलं, शेठ, शेठाणी आणि मी बसलो. छगननं ढकललं. काठ सुटला तशी सगळ्या फटींतून एकदम धार लागली. मी म्हटलं, नवी आहे, लाजते आहे. मग कापूस सुटून वर तरंगायला लागला. शेठ उभे राहिले. नावेत उभं राहतात का कोणी? त्यामुळेच बुडाली.
दिवाल्या त्याची नाव घेऊन आला. हसू दाबायची तसदीसुद्धा घेतली नाही. आत तीन बकऱ्या. जसोदाबाई ओल्या लुगड्यानं बकऱ्यांत बसल्या, मधल्या धारेपर्यंत गेल्या, गोल फिरून आल्या. वासाचं काही बोलल्या नाहीत. उतरताना हसत होत्या.
घरी आल्यावर किल्ल्या काढून दिल्या. मला वाटलं, निर्मला नको नको म्हणेल. तिनं पदराला हात पुसले आणि घेतल्या. गिरधर उगाच बैलाच्या शिंगाकडे बघत होता.

२ मे, मंगळवार
नाव तिथंच पडू द्या, असं मी सांगितलं होतं. निर्मलानं परवा दिवाल्या आणि नवलला लावून ती वर काढवली. पाणी उपसलं, परत सोडली. लाकूड असं फुगलं आहे की फटच सापडत नाही. निर्मला स्वतः बसून जाऊन आली. लुगड्याचा काठसुद्धा भिजला नाही. तिनं शेठला निरोप धाडला. शेठनं नाव घेतली. नाकावरचं ‘जमना’ फक्त खरवडायला सांगितलं.
म्हणजे विकली गेली. मी किल्ल्या मागितल्या. ती म्हणे, अखाजी व्हई गयी, आत्याबाई. कायदा शिकली आहे.
चहाला गुळाचा खडा मागून घ्यावा लागतो. देते, पण आधी विचारते, कशाले? कमरेला वजन नाही, तर लुगडं सारखं सैल वाटतं.
आज विसरवाडीहून एक हॉटेलवाला दुसरी नाव सांगायला आला. निर्मला ओट्यावर त्याच्याशी बोलत होती. मी दाराआड उभी. म्हणे, आमना आठे नाव तापीमा भिजाडेल भेटस, गॅरंटी शे. हॉटेलवाला खूश. म्हणे, ही अक्कल कोणाची? निर्मलानं तोंड उघडलं तोच मी खोकले.
उद्या घरात सगळ्यांना सांगायचं: हा प्रश्न परत कोणी विचारला, तर निर्मलानं बोलायचं नाही, दिवाल्यानं तर मुळीच नाही. मला बोलवायचं. उत्तर मी देईन.