आईची बेल बिघडलेली नाही

दादा,

आईला माझ्या घरी नेतेय. तिच्या उशाशी तू लावलेली बेल बिघडलेली नाही. वेगळा अडॅप्टर नको, कॉम्प्युटरच्या मागच्या सीरियल पोर्टच्या कंट्रोल लाइनवरच्या, म्हणजे तिथल्या एका तारेतल्या, चिमूटभर विजेवर चालते, म्हणून चारचौघांत मिरवलास ना? मग कॉम्प्युटरवरचा बेलचा प्रोग्राम बंद केला की त्या लाइनवरची वीज जाते आणि बेल मुकी होते, हे तुला कोणी सांगायचं? कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला तू तोच बंद केलास. आई बटण दाबत राहिली आणि तू पलीकडच्या खोलीत डाव मांडून बसलास.

ओली चादर बादलीत आहे, तूच धू. किळस मला चादरीची नाही आली.

आई अजून म्हणतेय, "कामात असेल गं तो."

छोटी