पिंगळ्याचे आधार कार्ड

मी, चंद्रप्रकाश गणपत ओव्हाळ, वय वर्षे बहात्तर, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार दहिसर पूर्व, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि कान त्याहूनही ठिकाणावर. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हे मी रागात लिहीत आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर पत्नी शकुंतला ऊर्फ शकु हिला. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कोणी काढू नये. चेकनाक्याजवळ पत्र्याखाली मी पहिली मोटार भरली, तेव्हा ती समोर बसून तारेचे वेढे मोजत होती. माझे मोजणे चुकले की बोटाने टेबल वाजवी. अजून वाजवते.

२. बँकेतील ठेवी मुलगा प्रबुद्ध याला. वाइंडिंगचे मशीन व हत्यारे कारागीर दादू सकपाळ याला. मशीनला तेल घालायचे तो कधी विसरला नाही.

३. दुकानाचा गाळा. येथे जरा लांबण लागेल.

आमच्या बी विंगमधील अबोली कर्णिक कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. गेटजवळच्या उंबराच्या ढोलीत पिंगळा पक्ष्यांची जोडी राहत असे. गाड्यांचा आवाज वाढला की पिंगळे आपली बोली बदलतात का, हे तिला तपासायचे होते. मला मोटार नुसती ऐकून बेअरिंग गेले की वाइंडिंग ते कळते. मी तिला सांगितले, हायवेकडचा पिंगळा वरच्या पट्टीत ओरडतो. ती म्हणाली, "काका, ते रेकॉर्ड करून दाखवावं लागेल."

रेकॉर्डरसाठी तिने एका प्रतिष्ठानाकडे अर्ज केला. ते निसर्ग आणि लोककला या दोन्हींसाठी छोटी अनुदाने देते. अर्जाचा विषय, 'दहिसर नदीकाठच्या पिंगळ्यांची पहाटेची बोली'. दोन महिन्यांनी उत्तर आले: सदर पिंगळा कलावंतांची संमतीपत्रे व आधार कार्डाच्या प्रती जोडाव्यात.

पहाटे कुडमुडे वाजवत भविष्य सांगायला येतो, तो पिंगळा त्यांना वाटला. अबोलीने माझ्या दुकानातूनच फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मग घुबड लिहायचं ना सरळ."

"मॅडम, घुबड वेगळं. हा पिंगळा."

"आता पुढच्या वर्षी भरा."

चूक त्यांची, वर्ष अबोलीचे गेले. त्याच वर्षात आमचे चेअरमन सर्वेश पाठारे यांनी ढोली सिमेंटने बुजवली. पिल्ले आत नव्हती, एवढेच नशीब. कारण विचारले तर म्हणाले, "काका, बिल्डिंगमधली दोन माणसं गेली ना. हा रोज ओरडतो." गेलेल्यांपैकी एक आजी नव्वदीपार, दुसऱ्यांचे हृदय केव्हाच थकलेले. माझ्या आईवडिलांनी छप्पन साली शकुन-अपशकुन सोडून दिले. इंजिनियर झालेल्या माणसाने ते पुन्हा उचलून आणावेत, याचा मला संताप येतो.

म्हणून सदर गाळा मी पक्ष्यांच्या अभ्यासासाठी व संरक्षणासाठी छोटी अनुदाने देणाऱ्या नव्या न्यासाला देत आहे. भाडे येईल त्यातून अनुदाने द्यावीत. प्रबुद्ध म्हणाला, "बाबा, गाळा घुबडांना?" मी म्हटले, "पिंगळ्यांना. तू तरी नीट बोल." शकुसोबत त्यालाही विश्वस्त नेमले आहे. त्याच्या जिभेला वळण लागेल.

४. अर्जात पक्ष्याचे नाव अर्जदाराच्या गावात म्हणतात तेच चालेल. गोराईच्या एखाद्या मावशीने कोळी बोलीत सांगितले तरी लिहून घ्यावे. नाव कळले नाही तर अर्जदाराला विचारावे. स्वतःच्या मनाने कळून घेऊ नये. नकार द्यायचा तर विश्वस्ताने जाऊन तोंडावर द्यावा, आणि तिथे बसून तो पक्षी एकदा ऐकून यावा.

५. पहिले अनुदान माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. पिंगळ्याची वीण फेब्रुवारीत सुरू होते, आणि अबोली जूनपासून पुण्याच्या कोचिंग क्लासात जायचे म्हणते. माझे मरण कधी, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. रेकॉर्डर काल आणला आहे. बुजवलेल्या ढोलीऐवजी पिंगळ्यांना घरट्यासाठी लाकडी पेटी दादू करत आहे.

सहीपूर्वी वाढवलेला मजकूर : सर्वेश साक्षीदार म्हणून आला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, तरी त्याने वाचला. म्हणाला, "काका, माझं नाव काढा ना. हे उद्या कोर्टात वाचणार."

मी म्हटले, "उंबरावर पेटी लावू दे. पेटीत पिल्लं दिसली की नवीन मृत्युपत्र करतो. त्यात तू नसशील."

"आणि नाही झाली पिल्लं?"

"मग तू कायमचा राहिलास."

त्याने पेनाचे टोपण काढले. मग विचारले, पेटीचे तोंड कोणत्या दिशेला लागते. अबोलीला बोलावून घेतले आहे.

ठिकाण : दहिसर पूर्व, मुंबई
दिनांक : ११ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार : चंद्रप्रकाश गणपत ओव्हाळ (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. सुगंधा नाईक, ए विंग (सही)
२. सर्वेश पाठारे, चेअरमन (सही). पेटीस हरकत नाही.