‘पण’च्या आधी कापलेले नाना

प्रिय नाना,

पत्र तुम्हाला लिहितेय, पण ऐकायचं आपल्या गावानं आहे. ज्यांच्या फोनवर काल सकाळपासून तुम्ही हसताय, बोलताय आणि अर्ध्यावरच थांबताय, त्या सगळ्यांनी. म्हणून हे पत्र गावाच्या ग्रुपवर टाकणार आहे. तुमचं वाक्य तोडलं गेलं, हे दुःख एकट्या लेकीचं नाही. देवळाच्या मंडपात बसून ज्यांनी ते वाक्य पुरं ऐकलं होतं, त्या प्रत्येकाच्या तोंडातला घास काढून घेतलाय.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. सासरहून, साजगावहून मी पहिल्या रिक्षानं निघाले. अजून घरी पोचलेही नव्हते, तोच फोनवर तुम्ही आलात. मागे बासरी. खाली सोनेरी अक्षरं: ‘नानांचं स्वप्न, शेठचा संकल्प’. आणि तुम्ही, पांढऱ्या टोपीत, तुमच्याच आवाजात म्हणताय, “रस्ता हवाच हाय. पोरांना काम हवाच हाय. शेठनी मनावर घेतला म्हंजी होनारच!” लगेच हात जोडलेले शेठ. मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि तिच्या खाली, नाना, प्लॉटच्या बुकिंगसाठी फोन नंबर!

मेलेल्या माणसाच्या फोटोखाली बुकिंगचा नंबर! एवढं वाचलं, एवढ्या व्यासपीठांवरून ओरडले, पण ह्याला शब्द काय वापरायचा ते मला रिक्षात सुचेना.

ही जाहिरात कुणी केली ते विचारू नका. तुम्हाला माहीतच असणार. आपल्या निलेशनं. तुमच्याच धाकट्या लेकानं.

आठवतं, रसायनीच्या कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं आणि तो पनवेलला कोर्स करून आला, तेव्हा ओटीवर बसून तुम्ही त्याला विचारलं होतं, “डिजिटल मार्केटिंग म्हंजी बाजारात काय नेनार रं तू? काकड्या?”

“नाना, मी विकत नाय काय. लोकांपर्यंत पोचवतो.”

“म्हंजी पोस्टमन झालास म्हन की!”

किती हसलो होतो सगळे. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच गावभर सांगत सुटलात, आमचा निलेश कम्प्युटरवरचा पोस्टमन हाय. अभिमान लपवता यायचा नाही तुम्हाला. शेठनं त्याला कामावर घेतलं, शेठचं फेसबुकवरचं पान सांभाळायला आणि डोंगराखालच्या ‘निसर्गाच्या कुशीतल्या’ प्लॉटची जाहिरात करायला, तेव्हाही तुम्ही नाही म्हणाला नाहीत. पोरगा घराजवळ राहील, बारा तास धुरात उभा राहणार नाही, एवढंच पाहिलंत. तुमच्या जागी मी असते तर मीही तेवढंच पाहिलं असतं.

पण तुमचं बोलणं त्याला माहीत नव्हतं का हो? आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नाना कुणाचंही आधी चांगलं बोलणार. समोरच्याला आधी पाट द्यावा, पाणी द्यावं, मग प्रश्न विचारावा, ही तुमची रीत. भांडायचं असलं तरी पहिली तीन वाक्यं कौतुकाची. तोवर गाव गप्प. आणि मग तुम्ही घसा खाकरून म्हणायचात, “पण...” की मंडप सावरून बसायचा. तुमचं बोलणं तिथून सुरू व्हायचं. तुम्ही जरा लांबण लावलीत तर धर्माकाका मागून ओरडायचे, “नाना, आमचा ‘पण’ कुठं र्‍हायला?”

व्हिडिओतलं बोलणं झालं त्या दिवशी शेठ ग्रामसभेत गुरचरणातून रस्ता मागायला आले होते. प्लॉटवाल्यांच्या गाड्यांना दुसरी वाट नाही, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गुरचरणाला हात लावता येत नाही. मी माहेरपणाला आलेली होते, बायकांत खांबाजवळ बसले होते. शेठ बोलले तेव्हा सगळ्यांचे फोन वर. तुम्ही उभे राहिलात तेव्हा सगळ्यांचे फोन खिशात. आपल्या नानांचं काय चित्रीकरण करायचं, रोजचेच तर! एकटा निलेश फोन धरून होता, कारण ती त्याची नोकरी.

तुम्ही पुढे काय म्हणालात ते मी इथे लिहून ठेवते. “पण गुरचरण माझ्या बापाचा नाय, शेठ, आनि तुमच्या बी बापाचा नाय. तो गुरांचा हाय. गुरा काय सही करत नाय. म्हून आमी बी करनार नाय.”

शेठसुद्धा हसले होते. हसत हसत गाडीत बसले, आणि विषय तिथेच थांबला. तुम्ही होतात तोवर.

काल जेवणं झाल्यावर मी निलेशला मागच्या पडवीत गाठलं.

“का कापलंस?”

“ताई, लोकांना थांबायला टाइम नसतो गं. तीस सेकंदांत संपवावा लागतं. तिथं वाक्य संपत होतं.”

“नानांचं वाक्य तिथं सुरू होतं, मेल्या!”

“हळू बोल. पाहुणे हायत.”

“अख्खा व्हिडिओ दे मला.”

“डिलीट झाला. फोनची मेमरी फुल्ल होती.”

बघा नाना. तुमचा होकार ठेवायला जागा होती, नकार ठेवायला नव्हती.

मग तो चिडला. “शेठच्या गाडीतनं नानांना पनवेलला नेला, तवा तुझी भाषणा कुठं होती? आनि तुला काय गं गावाचा? तू साजगावची. आमच्या ग्रामसभेत तुझा नाव तरी हाय का?”

गाडीचं मी त्याला सांगितलं. शेठनं गाडी दिली, त्याचे आपण हात जोडून आभार मानले. तुम्हीही स्ट्रेचरवरून मानलेत. आभाराला ठराव म्हणत नाहीत. इथे दवाखान्यात न्यायला गाडी सरकारनं द्यायची असते. ती शेठ देतो आणि मग आयुष्यभर आपण त्याच्या गाडीतच बसलेले असतो! कुठलाही झेंडा घ्या, राजकारण हेच. आजारपणात गाडी, लग्नात आहेर, मेल्यावर बॅनर. आता बॅनरच्या जागी रील आलंय आणि त्यात मेलेल्याला बोलतंही करतात.

पण नावाचं मी त्याला काय सांगणार होते? नाव नाहीच.

ह्याचा राग मात्र तुमच्यावर आहे, नाना. आज काढतेच. सातवीत मला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला नेलंत. कर्जतच्या वाचनालयातून पुस्तकं आणलीत, अंगणातल्या पिंपावर उभी करून भाषणं करायला लावलीत. “माझी शैला बोलाय लागली का भिंती ऐकतात,” म्हणालात. आणि लग्न झाल्यावर महिन्याच्या आत तहसील कचेरीत माझ्यासोबत आलात, मतदार यादीतलं नाव इथून काढून साजगावला लावायला. स्वतः आलात! “रीत हाय पोरी.” ह्या मुलीला बोलायला शिकवलंत आणि जिथं बोलायचं ती जागाच काढून घेतलीत, हे तुमच्या कधी ध्यानात आलं का?

दुसराही राग आहे. ती तुमची पाट-पाण्याची रीत. तुम्ही पहिल्याच शब्दाला ‘नाय’ म्हणाला असतात, तर कापायला निलेशला काय मिळालं असतं? तुमचा सभ्यपणा त्यांच्या कात्रीला किती सोयीचा पडला! मी माझ्या भाषणांत आता आधी नकार देते आणि कौतुक उरलं तर शेवटी करते. आई म्हणते, तू उद्धट झालीस. झाले असेन.

आईचं सांगू? निलेशच्या बायकोनं कौतुकानं तिच्या हातात फोन दिला. तो व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. तुम्ही म्हणता, रस्ता हवाच हाय. पुन्हा म्हणता, रस्ता हवाच हाय. आई टक लावून बघत राहिली. चार-पाच वेळा तुम्ही तेच बोललात. मग ती मला म्हणाली, “शैले, फोन बिघडलाय काय गं? ह्ये पुढं कवा बोलनार?”

निलेश तिथेच उभा होता. तो बाहेर निघून गेला, पण व्हिडिओ काही काढला नाही त्यानं. आज सकाळीही आहे. आयुष्यभर आधी हो म्हणून मग ठाम नाही म्हणणारा माझा बाप कर्जतपासून खोपोलीपर्यंत दिवसभर हो-हो करतोय, आणि लोक खाली हात जोडल्याची चित्रं टाकतायत. ज्यांनी तुमचा नकार स्वतःच्या कानांनी ऐकला, तेही!

खरा राग त्यांचा येतो. शेठ त्याचा धंदा करतो. निलेश शेठची चाकरी करतो. पण मंडपातली माणसं? “नाना शेवटी शेठच्या बाजूनं झाले व्हते,” असं काल पंक्तीत माझ्याच शेजारी बसून एक वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी टाळी वाजवणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या. त्यांना मी विचारलं, “वहिनी, तुमी ऐकलाव ना?” तर म्हणाल्या, “ऐकला गं. पण व्हिडिओमधी तर असा हाय.” स्वतःच्या कानांपेक्षा फोन खरा! माझं वाचन, माझी भाषणं ह्याच्यापुढे लुळी पडतात, नाना. खोटं बोलणाऱ्याशी मी भांडू शकते. स्वतःची आठवण सोडून देणाऱ्याशी कसं भांडू?

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे. गुरचरणाचा ठराव पुन्हा येतोय, आणि ह्या वेळी तो तुमच्या नावानं येतोय: ‘कै. नाना मार्ग’. ज्या रस्त्याला तुम्ही नाही म्हणालात, त्याच्या तोंडावर तुमच्या नावाची पाटी! एकदा ती लागली की तुमची नातवंडंसुद्धा म्हणतील, आजोबांनीच दिली जमीन.

मी तुम्हाला वचन देते. त्या दिवशी मी येईन, देवळाच्या पायरीवर आईशेजारी बसेन, आणि एक शब्द बोलणार नाही. मी बोलले तर शेठचीच सोय होईल. परगावची बाई म्हणून सभा उधळून देतील. तुम्ही पिंपावर उभं करून शिकवलेलं सगळं गिळून बसेन. निलेशला राखीही बांधीन, आणि ह्या व्हिडिओबद्दल त्याला माफ केलेलं नाही हे राखी बांधतानाच सांगेन.

आणि गावकऱ्यांनो, ज्यांची नावं त्या यादीत आहेत आणि जे त्या दिवशी मंडपात होते, तुम्हाला एवढंच सांगते. ठराव वाचून झाला की हात वर करण्याआधी जागेवर उभे राहा, आणि नाना पुढं काय म्हणाले ते तुमच्या तोंडानं, मोठ्यानं सांगा.

तुमचीच थोरली,
शैला