सुधरवलेली मशीन पुन्हा बिघडवण्याबद्दल

राळेगाव, सोमवार

आयुष्यमती पंचफुलाबाईस लहान भाऊ उकंडा याचा सप्रेम जयभीम. बाई, तुह्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरनं सांगतलेला व्यायाम करतं का, का नुसतीच हो म्हणतं? भाऊजींलेही जयभीम सांग. इकडं आम्ही खुशाल आहोत. तब्येत ठीक, जेवण ठीक, फक्त मागच्या महिन्यापासून मले काहीच समजून नाही राह्यलं.

तुही भाची मैत्रेयी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाले आहे, ते तुले माहीतच आहे. तिचा एक ब्यांड आहे, हे मलेही माहीत नव्हतं. ब्यांड म्हटल्यावर मी लग्नातला समजलो (लाल कोट, झालरीची टोपी) अन् म्हटलं, चांगलं आहे, सीझनले काम भेटत जाईल. तं तसं नाही. मैत्रेयी गिटार वाजवते, अन् इंद्रजित नावाचा तिचा कंपनीतला सोबती तेलाच्या रिकाम्या ड्रमवर पाना मारते. बस, दोघंच. ब्यांडचं नाव 'सरकी'. यांच्या गाण्यावर कोणी नाचलं तं आपलंच काही चुकलं समजायचं, असं इंद्रजितनं मले सांगतलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तं एक दिवस मैत्रेयीचा फोन आला. "बाबा, इथं एका बंद शेडमंदी कापूस जिनिंगची जुनी मशीन भेटली. चालू करून देता का?" बाई, चौतीस वर्ष जिनिंगमंदी फिटर होतो. रिटायर झाल्यापासून मले कोणी साधा नळ पाहायले बोलावलं नाही, अन् आता पोटची पोरगी बोलावून राह्यली! पाने थैलीत टाकले अन् पहिल्या एसटीनं गेलतो.

मशीनची दशा पाहून जीव हळहळला. बेअरिंग कोरडी, पट्टा ढिला, रोलर लंगडा. चालू केली तं असा खडखडाट, का छपरावरचे पारवे उडाले. पोट्टे एकमेकांकडं पाहून हसले. मले वाटलं, मशीनले हसले, म्हणजे एका अर्थानं मलेच. ते दोघं माईक आणायले यवतमाळले गेले अन् मी बाह्या वर केल्या. बेअरिंग बदलल्या, पट्टा ताणला, एकेक नट कसला, तेल पाजलं. चार घंट्यानं ते परत आले, तवा मशीन अशी चालून राह्यलती का बाजूले बसून डुलकी लागावी. मी म्हटलं, "पाहा आता. येते का आवाज?"

मैत्रेयी मटकन खाली बसली.

इंद्रजित बोल्ला, "काका, तुम्ही आमचं गाणंच दुरुस्त केलं." मले वाटलं तारीफ आहे. मी "असू दे, असू दे" म्हटलं. मंग समजलं, का तो खडखडाट हेच गाणं होतं. तसा आवाज ते वर्षभर शोधून राह्यलते, अन् दुसऱ्या दिवशी पुण्याहून अमर नावाचा माणूस तो रेकॉर्ड करायले येणार होता, तोही एकाच दिवसासाठी. या अमरचं लेबल आहे म्हणे. (मी विचारलं, कायवर चिकटवता? तं लेबल म्हणजे गाण्याची कंपनी, अन् कंपनी म्हणजे तो अन् त्याची पाठीवरची ब्याग.) कोणी ऐकत नाही अशी गाणी तो हुडकून काढते.

दुसऱ्या दिवशी मी मशीन बिघडवायले बसलो. बाई, हे काम मी जन्मात केलं नव्हतं. नट सैल केले, तं ती नुसती थरथरली. पट्टा उतरवला, तं बंदच पडली; परत चढवला तरी हलेना. अमर कानाले भोंगे लावून मोठ्या अदबीनं म्हणे, "काका, थोडी दुःखी खडखड पाहिजे." दुःखी खडखड कोणत्या नंबरच्या पान्यानं होते, तूच सांग! मैत्रेयी कोपऱ्यात गिटारच्या तारा पिळत बसलती. ओरडली असती तं बरं वाटलं असतं. दुपार झाली अन् माह्या डोक्याचा पट्टा सटकला. मी मशीनले झापायले लागलो. चौतीस वर्ष तुह्यासारखी एकही मशीन माह्यासाठी एक दिवस धड चालली नाही, अन् आज माह्या पोरीसाठी बिघडायचं तं सुधरून बसली! तिच्या रोलरचा, गिअरचा, बनवणाऱ्याचा उद्धार केला, लात मारली, हात जोडले. मधातच रोलर लंगडला अन् खडखडाट सुरू झाला. वळून पाहतो तं अमरनं 'थांबू नका' म्हणून हात वर केलेला, अन् मैत्रेयी डोळे पुसत हळूहळू गिटार वाजवून राह्यलेली. मी थांबलो नाही. शिव्या सरल्या तवा बेअरिंगचे नंबर म्हटले. अकरा मिनिटं.

नंतर तिले विचारलं, "काहून रडून राह्यलती?" तं म्हणे, "लहानपणी तुमचा डबा घेऊन यायची, तवा तुम्ही मशीनवर असेच ओरडत असायचे. मले तोच आवाज पाहिजे होता बाबा, पण तुम्हाले कसं सांगू?" मी पाने थैलीत भरले.

आता कॅसेट निघाली. नाव 'बिघाड'. शंभरच काढल्या. मी म्हटलं हजार काढा, तं अमर दचकला. परदेशातल्या कोण्या माणसानं लिहिलं, का काकांच्या आवाजात एका जमान्याचा शेवट ऐकू येते. मले तं तवा फक्त भूक लागलती.

तुहा भाऊ,
उकंडा

ता. क. – मैत्रेयीनं एक कॅसेट तुले पोस्टानं पाठवली. आपल्या नात्यात चालू टेपरेकॉर्डर फक्त भाऊजींकडं आहे. बाई, दुसरी बाजू त्यांले लावू देऊ नको. रागाच्या भरात मी मशीनले म्हणून गेलो, का तू आमच्या भाऊजीसारखी आहे, कितीही तेल पाजा, आपल्या मनात येईल तवाच हलते. फोनवर सांगतलं असतं, पण फोन तेच उचलतात. म्हणून हे पत्र. वरचं सारं नाही वाचलं तरी चालते.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवताना मैत्रेयी बोल्ली, का परवाच तुह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं अन् आलेली पत्रं भाऊजीच मोठ्यानं वाचून दाखवतात. पुन्हा सारं लिहायची माही ताकत नाही. भाऊजी, जयभीम. तुमचं नाव घेतलं तवाच ती मशीन जागची हलली, हेही तितकंच खरं आहे.