वांगं सोडलेली दोन माणसं

आई,

काल मी वांग्याचं भरीत खाल्लं. सत्तेचाळीस वर्षांनी, डॉक्टरांना विचारून, अकोल्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून. अंगावर काहीही उठलं नाही. मी इतकी चिडले आहे की हे कोणाला तरी लिहायलाच हवं, आणि माझ्यासोबत वांगं सोडलेलं दुसरं माणूस तूच.

सोरायसिस हा शब्द आपल्या अमरावतीच्या घरात फार उशिरा आला. तोवर माझ्या कोपरांवरच्या लाल चट्ट्यांना, त्यांच्यावरच्या चंदेरी खपल्यांना, तू नुसतं 'ते' म्हणायचीस. "आज ते कमी दिसून राहिलं." संध्याकाळी चूल आवरली की मला पाटावर बसवून खोबरेल तेल लावायचीस, आणि माझी नखं तिकडे वळली की म्हणायचीस, "काहून खाजवून राहिली वं? उंदीर लागले का मागं?" चौथीत, मिशनच्या शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत सिस्टरांनी माझं कोपर पाहिलं, मला रांगेच्या टोकाला एकटीला उभं केलं आणि उद्यापासून पूर्ण बाह्यांचं स्वेटर घालून ये म्हणाल्या. अमरावतीत, एप्रिल महिन्यात. दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलीस, पिशवीतून घरचा टॉवेल काढलास आणि त्यांच्या टेबलावर ठेवलास. "सिस्टर, आमी सारे याच टावेलानं आंग पुसतो. चार वर्सं झाले. कोणाले लागलं?" सिस्टरांनी टॉवेलकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. सोमवारी मी पुन्हा रांगेच्या मधोमध होते. त्या टॉवेलाची मला दहावीपर्यंत लाज वाटली. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे आता दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तू ते न वाचताच सांगितलंस, आणि तेही जुन्या टॉवेलाच्या जोरावर.

पण पथ्याच्या बाबतीत तू चुकलीस, आणि तो राग मी तुझ्यावर काढणार आहे. पातूरकडच्या वैद्यांनी दही, चिंच आणि वांगं बंद केलं, आणि तू ते साऱ्या घराचंच बंद केलंस. एकट्या पोरीच्या ताटात नाही, असं चालणार नाही म्हणालीस. बाबा कुरकुरले, वऱ्हाडात राहून वांगं खायचं नाही तर मग खायचं काय? तू त्यांना दोडका वाढलास. मग दहावीचं वर्ष आलं. मूर्तिजापूरचे पाहुणे आले आणि त्यांच्या हट्टापायी तू एकदाच कढईत वांगी तळलीस. त्याच आठवड्यात माझ्या पाठीवर, पोटावर, मांड्यांवर थेंबाथेंबासारखं लाल पुरळ उठलं. परीक्षा तोंडावर. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाहेर काही खाल्लं का?" मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. "पोरीले काही म्हणू नका. कढई नीट घासली नाही मी. माह्याच हातानं झालं हे."

त्या दिवसापासून तू स्वतःसाठी वांगं कायमचं सोडलंस. माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले, अमरावतीच्या घरात पुन्हा वांगी शिजायला लागली, तरी तू खाल्लं नाहीस. पंगतीत बायका विचारायच्या, काशीला जाऊन सोडलं का? तू म्हणायचीस, "काशीले कायले जायचं? अमरावतीतच सोडलं."

आता माझा संताप ऐक. माझी डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची आहे. मागच्या महिन्यात तिने पहिल्यापासून सगळं विचारलं आणि मी कढईपर्यंत आले, तेव्हा तिने लिहिणं थांबवलं. "काकू, ते पुरळ उठायच्या आधी घसा धरला होता का?" धरला होता. चांगला पंधरा दिवस. तू हळदीचं दूध देत होतीस. "मग त्यानं भडकलं असेल. मुलांमध्ये बरेचदा असं होतं. वांग्याचं काय घेऊन बसलात?" शरीराची राखण करणारी यंत्रणाच गोंधळते म्हणे, आणि कातडी महिन्याचं काम आठवड्यात उरकायला लागते. हे पुरतं जात नाही, पण ताब्यात राहतं. मी कोमट पाण्याने आंघोळ करते, अंग घासत नाही, टिपते, आणि ओलसर असतानाच वरून व्हॅसलीन लावते. मलम ती सांगेल तितकेच दिवस; मेडिकलवाल्याचं ज्ञान मी त्याच्याकडेच ठेवते. सांधे आखडले तर लगेच तिला कळवायचं. थंडीत आणि काळजीत वाढतं, म्हणून थंडीत जपते. काळजी निवृत्त झाल्यावर सोडली. बाह्या अर्ध्या घालते. परवा एका लग्नात शेजारच्या बाईने माझं कोपर पाहून कडुनिंबाचा रस सुचवला. मी तिला वजन कमी करायला सुचवलं.

आता खरं सांगते. त्या आठवड्यात मी भरीत खाल्लं होतं. गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी, तिच्या अम्मींनी अंगणात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. मी सोलायला बसले. माझं पथ्य त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "खा ले बेटा, बैंगन से किसी का कुछ नहीं बिगड़ता." अम्मी शाळेत गेल्या नव्हत्या, आणि आपल्या सगळ्यांपेक्षा बरोबर होत्या. घरी येताना मी त्यांच्या नळावर हात दोनदा साबणाने धुतले. संध्याकाळी तू रोजच्यासारखे माझे हात तुझ्या हातात घेतलेस, बोटांपासून कोपरापर्यंत तेल लावलंस आणि मला अभ्यासाला बसवलंस. तुला कळलं नाही, असं मी सत्तेचाळीस वर्षं धरून चालले.

काल वांगं सोलल्यावर मी हात साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले, डॉक्टरने सारखा साबण लावू नका म्हटलेलं असूनही. वास गेला नाही. आज सकाळीही बोटांना होता.

म्हणजे तुला त्या संध्याकाळीच कळलं होतं. आणि दोन दिवसांनी बाबांनी विचारलं, तेव्हा तू बिचाऱ्या कढईवर आळ घेतलास.

हा कागद मी व्हॅसलीनच्या डब्यांच्या खणात ठेवते. तू गेल्यावर दुसरीकडे कुठे टाकणार? कढईचा दोष नव्हता, तुझा नव्हता, माझाही नव्हता. आणि त्या दिवशी अम्मींकडे मी दोनदा मागून घेतलं होतं.