रिळावरचं बोट

११ जाने., रवि.
रीळ पुन्हा अडकलं. थ्रीडी प्रिंटर हौसेनं घेतला, आता तान्ह्या पोराशेजारी बसावं तसा त्याच्याशेजारी बसतो. प्लास्टिकच्या तारेचं रीळ दांडीवर घासतं, गचके देतं, मशीनला तार पुरत नाही, वस्तू अर्धवट. सौ. म्हणाली, "याच्यापेक्षा गाय घेतली असती. शेण तरी पुरं देते."
दुपारी शामरावभाऊ. दर रविवारी ऊर्जानगर वसाहतीच्या गेटावर मासे विकतात, मग आमच्याकडे चहा. खिशातून जाळं विणायची बांबूची सुई काढली. वडिलांच्या हातची, टोक झिजलेलं. "अशी एक काढून द्या, दिलीपभाऊ. तलावाचं पाणी उतरायच्या आत नवं जाळं पायजे." नमुना म्हणून ठेवून गेले. आठ दिवसांत देतो म्हटलं. तोंड माझंच.

१५ जाने.
रिळाच्या भोकात बसेल असा गोल तुकडा रचला, आत दोन बेअरिंग. छापला. रीळ आता फुंकरीनं फिरतं. ऑफिसात व्हिडिओ दाखवला. नको तितक्यांना दाखवला.

१८ जाने., रवि.
फजिती. रीळ इतकं मोकळं की मशीननं एक हिसका दिला की तीन वेढे जास्तीचे सुटतात, ढिले पडतात, एकमेकांत अडकतात. शा.भाऊ बघत होते. "फिरकी मोकळी पायजे, पण बेवारस नाई पायजे." आणि रिळाच्या कडेवर बोट टेकवलं. तासभर. चहा डाव्या हातानं. सुई निम्मी झाली, एक गुंता नाही. मग गावची बस निघेल म्हणून उठले. दहा मिनिटांत पुन्हा गुंता.

२० जाने.
साप्ताहिकाला नेहमीचा विनोदी कॉलम द्यायचा, विषय नाही. शा.भाऊंच्या बोटावर लिहिला. मशीन पूर्ण स्वयंचलित, फक्त एका सुट्या भागाला मासळीचा वास येतो, वगैरे. 'बोटवाले इंजिनिअर'. लिहिताना स्वतःशीच हसलो. नाव बदललंय. गाव राहिलं तसंच.

२३ जाने.
छापून आला. चार फोन. सौ.नं वाचला, घडी घातली, रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवला.

२५ जाने., रवि.
चहाला आले नाहीत. मीच गेटावर गेलो. मासे तोलत होते, वर पाहिलं नाही.
"घरी नाही आलात?"
"नाई, साहेब. हाताले वास येते."
साहेब. बारा वर्षं दिलीपभाऊ होतो.
"अहो, गंमत होती."
"हो ना. मच्छीमार सोसायटीत वाचून दाखवलं एकानं. सगळे हासले. मीबी हासलो. आता पोट्टेबी इंजिनिअरच म्हणून राह्यले." मग पुढच्या गिऱ्हाइकाला: "रोहू घ्या, बाई, ताजी आहे."

३१ जाने.
त्या गोल तुकड्याला एक लवचीक जीभ जोडली. टोकाला जुन्या टेनिस बॉलचं कापड. रिळाच्या कडेवर हलकी टेकायला हवी. किती हलकी? पहिली घट्ट, रीळ ढिम्म. दुसरी ढिली, गुंता. दाब किती ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारायची सोय मी ठेवली नाही.

५ फेब्रु.
पाचवी जीभ बरोबर बसली. रीळ हवं तेवढंच फिरतं, थांबतं. सुई अखंड निघाली, निळी. सौ. हातात घेऊन म्हणाली, "बोट तर त्याईचंच होय." जिभेकडे बघून म्हणाली.

८ फेब्रु., रवि.
गेटावर नव्हते. चिमूरच्या बसनं त्यांच्या गावी गेलो, निळी सुई खिशात. दारात कमलबाई, त्यांची बायको. बसायला खुर्ची दिली. मला आतापर्यंत त्या घरात बाज मिळायची.
"ते तलावावर गेले. भावाची सुई मागून विणून राह्यले."
मी सुई पुढं केली. उलटीपालटी करून पाहिली त्यांनी. "गुळगुळीत आहे. अन् आमची?"
घरी. मशीनशेजारी. नवी दाखवायच्या नादात जुनी घ्यायचं सुचलंच नाही.
"त्याईच्या बापाची होय ते. तेवढी आणून द्या. हे तुमची तुमाले राहू द्या."
निघताना विचारलं, "हे पेपरात येईन का?"
नाही म्हटलं.
"मागच्या वेळेसबी तुमी कुठी सांगतलं होतं, येईन म्हणून."
तलाव वाटेतच होता. दुरून पाठ दिसली त्यांची. बस पकडली.

१० फेब्रु.
कॉलम पाठवला नाही. संपादकाला तब्येत सांगितली.
बांबूची सुई पिशवीत घातली. काढली. ती परत केली की त्यांना या घराशी काही काम उरत नाही, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटली, तरी लिहून ठेवतो. सौ. म्हणते, गेटावर देऊ नका, घरी जाऊन द्या, अन् बोलू नका जास्त.
सुई परत पिशवीत. रविवारला पाच दिवस. मशीन चालू आहे, रीळ फिरतंय, जीभ टेकलेली. घासल्याचा आवाज अजिबात नाही.